प्रस्तावना : कार्यकर्त्यांच्या प्रशिक्षणाविषयी

१९०५ सालच्या जून महिन्यात पुण्यात भारत सेवक समाजाची स्थापना करताना नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांनी जी नियमावली सिद्ध केली, तिच्यात नव्याने दाखल होणाऱ्या सभासदाने पाच वर्षे शिक्षणार्थी म्हणून राहावे आणि त्या मुदतीत अभ्यासाबरोबरच देशाच्या निरनिराळ्या भागांत प्रवासही करावा, अशी तरतूद होती. अशा संस्थेत येणारा मनुष्य शिकलेला, विचारी आणि स्वार्थत्यागास सिद्ध असणार हे गृहीतच होते. तरीही सार्वजनिक कामाची स्वतंत्र जबाबदारी अंगावर घेण्यापूर्वी त्याची इतकी दीर्घ तयारी व्हावी, असे गोखल्यांसारख्या व्यवहारज्ञ पुरुषास वाटले, ही गोष्ट या ग्रंथाच्या वाचकाने प्रारंभीच मनात नोंदवून ठेवावी अशी आहे. पुढे १९०८ साली धोंडो केशव कर्वे यांनी निष्काम कर्ममठ काढला, तो आपल्या संस्थांना वाहून घेणारे सेवक तयार व्हावेत याच हेतूने. आणि १९०९ साली रमाबाई रानडे यांच्या नेतृत्वाखाली पुण्यात उभ्या राहिलेल्या सेवासदनाने परिचारिका आणि शिक्षिका घडविण्याचे काम आपल्या कार्याच्या केंद्रस्थानी ठेवले. सद्भावनेला शिक्षणाची जोड मिळाल्यावाचून तिच्या हातून लोकांचे काम नीट पार पडत नाही, हा विचार महाराष्ट्रातील सेवाकार्याच्या पायाभरणीतच असा घातला गेलेला आहे.

त्या काळाच्या मानाने आज संस्था वाढल्या, त्यांचे कार्यक्षेत्र तालुक्यातालुक्यांत पसरले, पगारी कर्मचाऱ्यांचा एक नवा वर्ग निर्माण झाला, आणि प्रशिक्षणाचे सदर नाही असा वार्षिक अहवाल क्वचितच दृष्टीस पडतो. परंतु या शिबिरांची आखणी ज्या क्रमाने होते तो क्रम तपासून पाहण्याची निकड आहे. प्रथम तारीख ठरते, कारण आर्थिक वर्ष संपण्यापूर्वी त्या शीर्षाखालील रक्कम खर्ची पडावयाची असते. मग सभागृह ठरते, मग वक्ते, मग भोजनाची व्यवस्था. आणि ज्यांच्यासाठी हा सारा खटाटोप करावयाचा त्या कार्यकर्त्यांना शेवटी एक निरोप जातो की अमुक दिवशी अमुक ठिकाणी हजर राहावे. दीपप्रज्वलन, स्वागत आणि मनोगत यांत सकाळचा पहिला प्रहर सरतो. उरलेल्या वेळात एकामागून एक व्याख्याने होतात. आणि संध्याकाळी अभिप्रायपत्रके भरून व प्रमाणपत्रे घेऊन मंडळी शेवटची एसटी गाठण्यासाठी निघतात. हे सारे घडवून आणणारी माणसे तळमळीची असतात, त्यांच्या श्रमांविषयी मला आदर आहे, आणि म्हणूनच त्या श्रमांचे चीज होत नाही याचे दुःखही आहे. दोष त्यांच्या निष्ठेत नाही. जाणकार वक्त्यास जे ठाऊक आहे तेथून आखणीस सुरुवात होते, कार्यकर्त्यास जे करावयाचे आहे तेथून होत नाही, यात तो आहे.

प्रस्तुत ग्रंथ उलट टोकाकडून चालावयास लागतो. कोणत्या कार्यकर्त्याने, कोणत्या ठिकाणी, नेमकी कोणती कृती करावयाची आहे, आणि आज ती त्याला का करता येत नाही, हा त्याचा पहिला प्रश्न आहे. ‘पोषणाविषयी जाणीव निर्माण करणे’ असे उद्दिष्ट लिहून ठेवल्यास ते साधले की नाही हे कोणालाच कधी सांगता येणार नाही. पण ‘सहा महिने पूर्ण झालेल्या बाळाच्या आईला, तिच्याच चुलीवर आणि तिच्याच घरातील धान्यातून, पहिला वरचा आहार शिजवून दाखविता येणे’ असे लिहिताच सत्राची अर्धी रचना आपोआप हाती येते : सभागृहाऐवजी चूल लागणार, व्याख्यात्याऐवजी हे काम रोज करणारी एखादी अनुभवी सेविका लागणार, आणि प्रत्येक शिक्षणार्थीस निदान एकदा तरी स्वतःच्या हाताने ते शिजवावे लागणार. शिवाय कार्यकर्त्याचे काम अडते ते दर वेळी ज्ञानाच्या अभावामुळेच अडते असे नाही. नोंदवह्या अपुऱ्या राहतात, कारण तीच माहिती पाच वेगवेगळ्या तक्त्यांत भरावयाची असते. दूरच्या वाडीवर भेट होत नाही, कारण प्रवासभत्ता तीन तीन महिने थकलेला असतो. अशा ठिकाणी आणखी एक शिबिर भरविल्याने काहीही साधत नाही, आणि हे कार्यकारी मंडळास स्पष्ट शब्दांत सांगणे हे प्रशिक्षकाचे कर्तव्य आहे, मग त्यामुळे ते काम त्याच्या हातून गेले तरी बेहत्तर.

या विचाराचे मला ठाऊक असलेले सर्वांत बोलके उदाहरण गडचिरोलीचे आहे. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ साली तेथे ‘सर्च’ ही संस्था सुरू केली आणि बालमृत्यूच्या कारणांचा शोध घेताना न्युमोनियाचे प्रकरण त्यांच्यासमोर ठाकले. बाळाचा श्वास मिनिटाला किती वेळा चालतो हे मोजले, तर आजार ओळखण्याची एक भरवशाची खूण हाती येते. दोन महिन्यांच्या आतील बाळास साठ आणि त्यापुढे वर्षाच्या आतील बाळास पन्नास ही धोक्याची मर्यादा वैद्यकशास्त्राने घालून दिली आहे. परंतु गावात जी बाई बाळाजवळ सर्वांत आधी पोहोचते ती दाई, आणि अनेक दाया निरक्षर. साठापर्यंतचे आकडे ओळीने मोजणे हे त्यांच्या नित्याच्या व्यवहारात कधी आलेलेच नव्हते. या स्थितीत एखाद्या संस्थेने अंकज्ञानाचा वर्ग काढला असता, आणि दुसरीने दाया या कामास नालायक ठरवून सुशिक्षित मुली नेमल्या असत्या. बंग दांपत्याने साधनच बदलले. एका लहानशा चौकटीत एका मिनिटात रिकामी होणारी वाळूची घटिका बसविली, शेजारी मण्यांच्या दोन रांगा ओवल्या, एक तान्ह्या बाळासाठी आणि दुसरी त्याहून मोठ्या मुलासाठी; दाईने घटिका उलटी करून बाळाच्या पोटाच्या हालचालीकडे पाहत दहापर्यंत मोजावयाचे, एक मणी सरकवावयाचा, पुन्हा एकपासून दहापर्यंत मोजावयाचे; आणि वाळू संपण्याच्या आत रांगेतला लाल मणी सरकवावा लागला, तर बाळास न्युमोनिया आहे असे समजून औषध सुरू करावयाचे. दहापर्यंतची मोजणी त्या बाईस येतच होती. तिला जे येत होते त्यावरच शिक्षणाची सारी इमारत उभी केली गेली, आणि जे येत नव्हते त्याचा भार वाळूवर आणि मण्यांवर सोपविला गेला. प्रशिक्षणाची रचना करणे म्हणजे काय, हे मला या एका चौकटीइतके स्पष्टपणे दुसऱ्या कोणीही दाखविलेले नाही.

त्याच संस्थेने पुढे नवजात बाळांची घरच्या घरी काळजी घेण्याचा जो प्रयोग एकोणचाळीस गावांत केला, त्यातील शिक्षणाचा क्रमही तितकाच मननीय आहे. गावातीलच थोड्या शिकलेल्या स्त्रिया आरोग्यदूत म्हणून निवडल्या गेल्या. परंतु निवडल्याबरोबर त्यांच्या हाती इंजेक्शनची सुई दिली गेली नाही. १९९५-९६ या पहिल्या वर्षी त्यांनी बाळंतपणास हजर राहावे, घरी जाऊन बाळाचे वजन व तापमान घ्यावे, जे दिसेल ते नोंदवावे, एवढेच काम होते. वर्षभर शेकडो निरोगी आणि आजारी बाळे पाहून त्यांचा डोळा तयार झाल्यावर, दुसऱ्या वर्षी उपचार, जंतुदोषावरील इंजेक्शनासह, त्यांच्या कक्षेत टप्प्याटप्प्याने आणले गेले. आणि मातांना आरोग्यशिक्षण देण्याचे काम, जे सामान्यतः नवशिक्या कार्यकर्त्यास पहिल्याच दिवशी सांगितले जाते, ते त्यानंतर आले. दुसऱ्यास सांगण्याचा अधिकार स्वतः पाहिल्यावर आणि केल्यावर मिळतो, हा या क्रमातील विवेक आहे. तिसऱ्या वर्षाअखेर त्या गावांतील नवजात बालकांचे मृत्यूचे प्रमाण तुलनेसाठी घेतलेल्या गावांच्या मानाने ६२ टक्क्यांनी घटले, हे १९९९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. या यशाचे श्रेय औषधांइतकेच त्या सावकाश आखलेल्या शिक्षणक्रमासही द्यावे लागेल.

जामखेडचा धडा निराळा आहे. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली अहमदनगर जिल्ह्यातील त्या दुष्काळी तालुक्यात जो आरोग्यप्रकल्प उभारला, त्यातील ग्रामीण आरोग्यसेविका बहुतांशी निरक्षर किंवा अल्पशिक्षित आणि पुष्कळ अंशी दलित समाजातील होत्या. या बायकांना एकदाच महिना दोन महिने बोलावून, सनद देऊन परत धाडले गेले नाही. त्या आठवड्याच्या आठवड्याला जामखेडला येत, मुक्काम करीत, गावात काय घडले ते सांगत, अडलेले विचारीत आणि नवे थोडे शिकून परत जात. शिक्षणाचा विषय त्यामुळे वक्त्याच्या टाचणातून न येता त्या आठवड्यात गावात उद्भवलेल्या प्रसंगांतून येई. जुलाब लागलेल्या मुलास सासूने पाणी पाजू दिले नाही, असे एकीने सांगितले की त्याच बैठकीत दुसरी तिला आपल्या गावातील सासूची समजूत कशी पटविली ते सांगे. डॉक्टरांचे काम पुष्कळदा त्या दोघींच्या बोलण्यात एखाद्या शास्त्रीय तपशिलाची भर घालण्यापुरते उरे. आणि जे कोणत्याही वेळापत्रकात लिहिलेले नसते तेही तेथे शिकविले जाई : निरनिराळ्या जातींच्या या स्त्रिया एकत्र स्वयंपाक करीत, एका पंक्तीस जेवीत, एकाच खोलीत शेजारी शेजारी झोपत. आजारी माणसाच्या अंगास हात लावण्याचे काम ज्यांना करावयाचे, त्यांच्या मनातील शिवाशिव आधी जावयास हवी, आणि ती व्याख्यानाने जात नाही, हे आरोळे दांपत्याने ओळखले होते. निवासी शिबिराचा खर्च वाचविण्याचा सल्ला देणाऱ्या हिशेबनिसांना जामखेडच्या त्या खोलीची आठवण करून द्यावी असे मला नेहमी वाटते.

शिक्षणाचे स्थळ कोणते असावे, या प्रश्नाचे उत्तर ताराबाई मोडकांनी पूर्वीच देऊन ठेवले आहे. १९४५ साली बोर्डीस आणि पुढे १९५७ पासून कोसबाडला, अनुताई वाघांच्या साथीने, त्यांनी मुलांना शाळेत बोलावण्याऐवजी शाळाच पाड्यावरच्या अंगणात नेली, आणि बालशिक्षणाची साधने बिया, पाने, खडे, शिंपले यांतून तयार केली. साहजिकच त्या वाडीवर काम करणाऱ्या सेविकेचे शिक्षणही त्याच अंगणात, त्याच बियांनिशी झाले. शहरातील वातानुकूलित दालनात महागड्या साहित्यावर शिकून गेलेल्या सेविकेस गावी परतल्यावर ते साहित्यच उपलब्ध नसते, आणि मग शिकलेले सारे कपाटबंद होऊन राहते.

प्रत्यक्ष सत्र कसे चालवावे याविषयी या ग्रंथात विस्ताराने लिहिले आहे, म्हणून येथे एकाच गोष्टीवर भर देतो, आणि ती म्हणजे सरावाचा वेळ. पाणलोटाच्या कामात समपातळी रेषा आखण्यासाठी जी ए-फ्रेम वापरतात तिचेच पाहा. सारख्या लांबीचे दोन बांबू माथ्याशी बांधून त्यांना आडवी पट्टी ठोकावयाची, माथ्यावरून दोरीने दगड लोंबता सोडावयाचा, पाय जमिनीवर टेकवून दोरी पट्टीवर जेथे येते तेथे खूण करावयाची, पायांची अदलाबदल करून दुसरी खूण करावयाची, आणि दोन खुणांचा मध्य काढावयाचा; दोरी त्या मध्यावर आली की दोन्ही पाय एका पातळीत आहेत असे समजावयाचे. हे फळ्यावर समजावून सांगण्यास दहा मिनिटे पुरतात आणि ऐकणारा प्रत्येक जण समजले म्हणून मान डोलावतो. पण शिवारात नेल्यावर वाऱ्याने दोरी हलते, बांबूचा पाय ढेकळावर टेकतो, खूण करणारा आणि फ्रेम धरणारा यांचे जमत नाही, आणि पहिली रेषा हमखास वाकडी जाते. शिक्षण येथे सुरू होते. प्रशिक्षकाने त्या वेळी फ्रेम स्वतःच्या हातात घेण्याचा मोह टाळावा, चूक शिकणाऱ्यास स्वतःच सापडू द्यावी, आणि रेषा तीनदा सरळ येईपर्यंत त्या बांधावरून हलू नये. २०१६ साली पाणी फाउंडेशनने वरुड, अंबाजोगाई आणि कोरेगाव या तीन तालुक्यांत जलसंधारणाची स्पर्धा सुरू केली तेव्हा गावकऱ्यांचे प्रशिक्षण असेच शिवारात नेले, आणि गावांनी स्वतःच्या हातांनी चर खोदून दाखविले, यात मला कोणताही चमत्कार दिसत नाही. दिवसाच्या निम्म्याहून अधिक वेळ ज्या सत्रात शिकणाऱ्याचे हात चालत नाहीत, ते सत्र मी प्रशिक्षण म्हणून गणावयास तयार नाही.

प्रौढ माणसास शिकविताना त्याचा मान राखणे ही त्याच्या शिक्षणाची पूर्वअट आहे. चाळीस वर्षे संसार केलेल्या बाईस बालवर्गाप्रमाणे टाळ्या वाजवावयास लावणारे खेळ, सर्वांसमोर वाचावयास लावणे, इंग्रजी शब्दांनी भरलेले पडद्यावरील तक्ते, यांमुळे ती मुकाट होते आणि संध्याकाळपर्यंत मुकाटच राहते. तिला आधी बोलू द्यावे; तिच्या बोलीतच बोलू द्यावे. घरी तान्हे मूल असेल तर ते बरोबर आणण्याची आणि ते सांभाळण्यास एक माणूस ठेवण्याची तजवीज करावी. पेरणीच्या आणि काढणीच्या दिवसांत शिबिर ठेवू नये.

स्वयंसेवकांचा प्रश्न पगारी कर्मचाऱ्यांपेक्षा वेगळा आहे आणि दोघांना एकाच शिबिरात एकाच साच्याने शिकविण्याची प्रथा मला मान्य नाही. महाविद्यालयातून राष्ट्रीय सेवा योजनेमार्फत येणारा विद्यार्थी, निवृत्तीनंतर काही करावे या इच्छेने आलेले बँकेतील अधिकारी, दुपारचे दोन तास मोकळे असलेली गृहिणी, हे आपला वेळ देणगी म्हणून देत असतात. त्या वेळातील मोठा हिस्सा संस्थेचा इतिहास ऐकविण्यात खर्च करणे अनुचित होय. त्यांना एक नेमके काम, ते करण्याचे कौशल्य, आणि आपल्या अधिकाराची मर्यादा, एवढे आरंभी पुरते. यांपैकी मर्यादेची गोष्ट बहुधा राहून जाते. आश्रमशाळेतील मुलाशी एकांतात भेटू नये, पीडित स्त्रीची हकीकत बाहेर बोलू नये, आपणास झेपणार नाही असे आश्वासन कोणास देऊ नये, हे पहिल्याच दिवशी, प्रसंग रंगवून आणि भूमिका करवून, शिकविले पाहिजे. आणि केवळ स्वयंसेवकांच्या बळावर चालणाऱ्या कामातही कौशल्याची पातळी किती उंच नेता येते, याचा दाखला डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी १९८९ साली स्थापन केलेल्या महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कार्यकर्त्यांत सापडेल. शिक्षक, कारकून, विद्यार्थी असे हे लोक नोकरीधंदा सांभाळून गावोगाव चमत्कारांचे सादरीकरण करतात. जळता कापूर जिभेवर कसा ठेवावयाचा हे पुस्तक वाचून येत नाही, आणि समोरच्या भाविकाच्या श्रद्धेचा उपमर्द न करता त्यामागील कारण कसे उलगडावयाचे हे तर त्याहून अवघड. दोन्ही गोष्टी अनुभवी कार्यकर्त्याच्या शेजारी उभे राहून, त्याने केलेले पाहून, मग त्याच्या देखरेखीखाली स्वतः करूनच साधतात.

शिबिर चांगले झाले की नाही हे कशावरून ओळखावे? अमेरिकेतील डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी १९५९ साली यासाठी चार पायऱ्या सांगितल्या : शिकणाऱ्यास ते आवडले काय, त्यास काही आले काय, कामावर परतल्यावर त्याच्या वागण्यात फरक पडला काय, आणि त्या फरकामुळे कामाचे फळ बदलले काय. आपल्याकडील अभिप्रायपत्रके पहिल्या पायरीवरच थांबतात, आणि जेवण उत्तम होते या नोंदीपलीकडे फारसे काही सांगत नाहीत. तिसरी पायरी महिन्याभराने गावी जाऊन, कार्यकर्त्याच्या बरोबर एक सबंध दिवस फिरल्यावाचून पाहता येत नाही. मोठ्या सरकारी योजनांत तर ही उणीव फारच जाणवते. गडचिरोलीची पद्धत २०११ साली देशभरच्या आशा कार्यकर्त्यांच्या कामात समाविष्ट झाली, तिच्या शिक्षणासाठी पाच-पाच दिवसांच्या चार फेऱ्यांची योग्य तरतूदही झाली. परंतु राज्याने जिल्ह्यास, जिल्ह्याने तालुक्यास आणि तालुक्याने गावच्या आशेस शिकवावयाचे, अशा उतरंडीत प्रत्येक पायरीवर सराव कमी होत जातो आणि बोलणे वाढत जाते. बाळाचा बाहुला, वजनाचा काटा आणि तापमापक हे शेवटच्या खोलीपर्यंत पोहोचले की नाहीत, एवढे एकच जिल्ह्याच्या अधिकाऱ्याने स्वतः पाहिले, तरी पुष्कळ हानी टळेल.

हा ग्रंथ संस्थांच्या कार्यवाहांनी, क्षेत्रसमन्वयकांनी आणि विशेषतः ज्यांच्यावर शिकविण्याची जबाबदारी अचानक येऊन पडते अशा अनुभवी पण अबोल कार्यकर्त्यांनी वाचावा. त्यांनी तो पहिल्या पानापासून वाचलाच पाहिजे असे नाही. माझी सूचना अशी की पाठपुराव्याविषयीचे प्रकरण सर्वांआधी वाचावे, आणि देणगीदारांकडे पाठवावयाच्या पुढील अंदाजपत्रकात शिबिराच्या रकमेखालीच एक वेगळे कलम घालावे : शिबिरानंतर तीन महिन्यांत प्रत्येक कार्यकर्त्याच्या गावी प्रशिक्षकाने द्यावयाच्या दोन भेटी, त्यांचा प्रवासखर्च आणि मुक्कामाचा भत्ता. देणगीदाराने एकूण रक्कम कमी करावयास सांगितलीच, तर शिबिराचा एक दिवस कमी करावा. या भेटींच्या कलमास हात लावू नये.